किड्याची लाख, झाडाचा चीक आणि सम्राटाचं सिंहासन

गुजरीतल्या सराफाच्या दुकानात आईबरोबर गेलेलं मूल म्हणजे अख्ख्या कोल्हापुरातलं सर्वांत कंटाळलेलं मूल. आई साज बघते, मावशी ठुशी बघते, दुकानदारकाका चहा मागवतात आणि आपण खुर्चीवर पाय हलवत बसून राहतो. पुढच्या वेळी एक करा. बोरमाळेचा टप्पोरा मणी बोटाने दाखवून विचारा, "काका, याच्या आत काय आहे?"

काका म्हणतील, "लाख."

मणी दिसतो सोन्याचा, पण सोनं असतं फक्त वरचा पातळ पत्रा. नुसता पोकळ मणी केला तर जरा दाबला गेला की चेपणार. म्हणून कारागीर लाख तापवून पातळ करतात आणि आत भरतात. गार झाली की ती घट्ट होते आणि मण्याला आतून आधार मिळतो. साजाच्या पानड्यांनाही असाच लाखेचा आधार असतो. आता ही लाख येते कुठून? एका किड्याच्या अंगातून! आजीच्या गळ्यात वर सोनं आणि आत किड्याचं घर आहे, हे तिला जेवताना मात्र सांगू नका.

हा किडा पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहतो. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा तो जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब आणि लालचुटूक असतो. कोवळी फांदी सापडली की तो सोंड सालीत खुपसतो, रस प्यायला लागतो आणि अंगातून राळेसारखा चिकट पदार्थ सोडायला लागतो. त्या पदार्थाचं घर होतं आणि किडा त्यातच अडकतो. मादी तर पुढे पायसुद्धा गमावून बसते. सगळं आयुष्य एकाच जागी! असे हजारो किडे शेजारी शेजारी चिकटून बसले की फांदीवर खडबडीत तपकिरी थर चढतो. झारखंड आणि छत्तीसगडच्या जंगलात याची मोठी पैदास होते. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोली भागातही पळसावर लाख घेतात. झारखंडात रांचीजवळ नामकुमला तर या एका किड्यासाठी १९२४ साली संशोधन संस्था काढली गेली.

फांदीवरची लाख खरवडायची, धुवायची, लांबलचक कापडी पिशवीत भरायची, पिशवी विस्तवासमोर धरून पिळायची. वितळलेली लाख बाहेर येते. मग कारागीर ती गरम लाख हातांनी, पायाच्या बोटांनी आणि चक्क दातांत धरून ताणतो, आणि तिचा मोठाच्या मोठा पातळ पडदा होतो! तो मोडला की झाला चपडा. सुतारकाका स्पिरिटमध्ये भिजवून कपाटाला पॉलिश करतात, तोच हा चपडा. पणजोबांच्या काळातल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या काळ्या तबकड्या याच लाखेच्या. पार्सलावरची लाल मोहोर लाखेची. काही गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकीसुद्धा लाखेचीच. (झालं, आता तुमचंही जेवण बिघडलं.)

यांतल्या बऱ्याच उद्योगांत लाखेची एक सवय कामाला येते. सुमारे ७५ अंश सेल्सिअसला ती मऊ होऊन वितळायला लागते आणि गार झाली की पुन्हा कडक होते. पुन्हा तापवा, पुन्हा वितळेल. दुर्योधनाने पांडवांसाठी लाक्षागृह बांधायला लावलं, तेही काही उगाच नाही. लाख वितळते आणि भडकून पेटतेही.

आता गाडी काढूया. सावंतवाडीला जायचंय, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली या रस्त्याने. सावंतवाडी लाखकामासाठी प्रसिद्ध आहे. पण वाटेत दोन ठिकाणी थांबावं लागणार, आणि दोन्ही ठिकाणी आपल्याला चीनबद्दल बोलायचंय. कारण चीनमध्येही असंच चकचकीत, लालभडक सामान बनतं. पेट्या, तबकं, टेबलं आणि सम्राटांची सिंहासनं. इंग्रजीत आपल्या लाखेच्या कामालाही लॅकर म्हणतात आणि त्यांच्या कामालाही लॅकर, त्यामुळे बरीच मोठी माणसंसुद्धा फसतात. चीनच्या त्या सामानात किड्याचा काही संबंधच नाही.

पहिला थांबा आजरा. आजरा आणि चंदगड म्हणजे आपल्या जिल्ह्यातला काजूचा मुलूख. काजूची बी कच्ची फोडायला गेलेल्या मुलाला विचारा काय होतं. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. बिब्ब्याचंही तसंच. बिब्बा उतला की अंगावर कशी सूज येते, ते आजीला ठाऊक असतं. आंबा देठाजवळ चोखून खाल्ला की ओठाच्या कोपऱ्याला चीक लागून चट्टा पडतो, हे तर तुम्हाला स्वतःलाच माहीत आहे. काजू, बिब्बा आणि आंबा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. याच कुळातला त्यांचा एक भाऊ चीन, जपान आणि कोरियात वाढतो. त्याच्या सालीला चिरा पाडल्या की राखाडी-पांढरा चीक येतो. एका झाडापासून एका मोसमात जेमतेम पेलाभर. त्यात उरुशिऑल नावाचं रसायन असतं आणि ते कातडीची काजूतेलापेक्षाही वाईट अवस्था करतं. नव्या कारागिराचं तोंड सुजतं, हात खाजतात. काहींना पुढे सवय होते, काहींना कधीच होत नाही.

हाच चीक म्हणजे चिनी लॅकर.

दुसरा थांबा आंबोली. पावसाळ्यात थांबलो तर गाडीची काच उघडायची सोय नाही. इथे वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कपडे आठवडाभर वाळत नाहीत, पापड सादळतात, वह्यांची पानं मऊ पडतात. आणि नेमक्या अशाच हवेत चिनी चीक सगळ्यात छान वाळतो!

चुकून छापलं नाहीये हे. कपडे वाळतात म्हणजे त्यांतलं पाणी उडून जातं. लाख कडक होते म्हणजे ती गार होते. हा चीक मात्र यांपैकी काहीच करत नाही. त्याच्यात लॅकेज नावाचं एक विकर असतं. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते उरुशिऑलचे रेणू एकमेकांत गुंतवायला लागतं. एकात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, असं करत सगळ्याची मिळून एक जाळी तयार होते. पण या विकराला कामाला ओल लागते. हवेत ७० ते ८० टक्के आर्द्रता आणि हवा उबदार असली की ते खूश. कोरड्या उन्हात ठेवलात तर चीक तसाच चिकट राहतो. म्हणून तिकडचे कारागीर रंगवलेली वस्तू मुद्दाम दमट कपाटात वाळत घालतात. ओलं फडकं ठेवून दमट केलेलं कपाट! आंबोलीच्या एखाद्या आजीला हे सांगून बघा. तिचा विश्वास बसणार नाही.

आणि एकदा ही जाळी बनली की संपलं. तापवून ती वितळत नाही, पाण्याने भिजत नाही, स्पिरिटने विरघळत नाही. चीनमध्ये चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे १९७२ साली एका श्रीमंत बाईची २१०० वर्षांहून जुनी कबर उघडली. आत लॅकरची भांडी होती, चकाकी शाबूत असलेली. एका भांड्याचं झाकण उघडलं तर पाण्यात कमळकाकडीच्या चकत्या तरंगत होत्या. भांडं हलवलं आणि चकत्या विरघळून नाहीशा झाल्या. भांडं मात्र जसंच्या तसं.

आता खरी गंमत. हा चीक एका वेळी जाड लावता येत नाही. जाड लावला तर वरचा भाग वाळतो आणि आतला ओलाच राहतो. म्हणून कागदाहून पातळ थर द्यायचा, दमट कपाटात ठेवायचा, वाळला की पुढचा थर. चीनच्या कारागिरांनी विचार केला, असे थर देतच गेलो तर? दहा, वीस, पन्नास, शंभर? उत्तम वस्तूंवर शंभर-दोनशे थर असतात. मग ते सगळे थर मिळून काही मिलिमीटर जाडीचा पापुद्रा होतो आणि त्यात चक्क कोरीवकाम करता येतं.

इथे जरा थांबून नीट समजून घ्या, कारण संग्रहालयात अशा वस्तूसमोर उभी असलेली बहुतेक माणसं म्हणतात, "वा, काय लाकूड कोरलंय!" लाकूड कोरलेलंच नसतं. लाकूड आत सपाट असतं. त्याच्यावर कापड चिकटवतात, मग माती मिसळलेल्या चिकाचा लेप देतात, मग थरांवर थर. ड्रॅगन, ढग, कमळं, डोंगर, नदीकाठची झाडं, हे सगळं कोरलेलं असतं ते वरच्या रंगात. एका थराला एकच दिवस धरला तरी शंभर थरांना सव्वातीन महिने आणि दोनशे थरांना साडेसहा. कोरायला तर अजून सुरुवातच नाही!

कोरताना सुरी जरा जास्त खोल गेली तर? पुन्हा भरता येत नाही. म्हणून काही कारागीर मध्येच एक पातळ काळा थर देऊन ठेवत. लाल कोरत कोरत खाली गेलं आणि काळी रेघ दिसली की समजायचं, बास, इथेच थांबायचं. काहीजण आणखी हुशार. ते आळीपाळीने लाल-काळे, लाल-काळे थर देत आणि मग तिरकी खाच घेत. खाचेच्या कडेला सगळे थर एकाखाली एक उघडे पडत, दिवाळीतल्या गुलाबी-पांढऱ्या चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे.

लाल रंगासाठी चिकात हिंगूळ मिसळत. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग, जमिनीतून खणून काढलेलं. त्याची पूड विषारी, पण वाळलेल्या चिकात ती अशी कोंडली जाते की शतकानुशतकं लाल दिसत राहते. आत हिंगूळ, बाहेर कातडी जाळणारा चीक, आणि कारागीर बिचारा रोज दोघांच्या सहवासात. मला विचाराल तर संग्रहालयातल्या पाटीवर राजाच्या नावाआधी त्याचा उल्लेख हवा. पण बहुतेकांची नावंच उरलेली नाहीत. चौदाव्या शतकातले झांग चेंग आणि यांग माओ हे दोघे त्यांतले नशीबवान. त्यांच्या वस्तूंवर त्यांची नावं कोरलेली सापडतात.

एवढा खटाटोप कुणाला परवडणार? अर्थातच राजाला. मिंग घराण्याच्या काळात, म्हणजे साधारण सहाशे वर्षांपूर्वी, बीजिंगमध्ये राजवाड्याजवळ एका फळबागेच्या जागी सरकारी कारखानाच होता. तिथे बनलेलं एक टेबल आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. सम्राट श्वेनदच्या काळातलं, म्हणजे १४२६ ते १४३५ या वर्षांतलं. जेमतेम १२० सेंटिमीटर लांब, तीन खणांचं, आणि त्याचा इंचन् इंच कोरलेला. त्या कारखान्यातलं एवढं मोठं कोरीव लॅकरचं सामान दुसरं उरलेलं नाही.

टेबलाच्या वरच्या फळीवर ड्रॅगन आणि फिनिक्स पक्षी आहेत. ड्रॅगन म्हणजे सम्राट आणि फिनिक्स म्हणजे सम्राज्ञी. पण ड्रॅगनचे पंजे नीट पाहिले तर काहीतरी गडबड दिसते. पाच नख्यांचा ड्रॅगन फक्त सम्राटाचा. दुसऱ्या कुणी तो वापरला तर शिक्षा! या टेबलावरच्या ड्रॅगनच्या पंजांतली एकेक नखी नंतर कुणीतरी तासून काढलीय. टेबल राजवाड्यातून बाहेर दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं असणार, आणि घरमालकाने ड्रॅगनची नखं कापून आपली मान वाचवली असणार.

या वस्तू रोजच्या वापरासाठी नव्हत्याच. पूर्वजांच्या पूजेच्या टेबलावर मधोमध धूपदान, दोन बाजूंना मेणबत्त्यांची जोडी, तिच्या पलीकडे फुलदाण्यांची जोडी अशी मांडणी असायची. धूप ठेवायला कोरीव लाल डबी. सम्राटाच्या वाढदिवसाला कोरीव लाल डब्यांतून भेटी. दुसऱ्या राजाशी मैत्री करायची असली तरी लॅकरच. युंगलो नावाच्या सम्राटाने १४०३ ते १४०७ या काळात जपानला दोनशेहून जास्त कोरीव वस्तू नजराणा म्हणून पाठवल्या. तबकं, डब्या वगैरे. त्यात खायला काही होतं की नाही, देव जाणे.

आणि सगळ्यांच्या वर सिंहासन. त्याच लंडनच्या संग्रहालयात सम्राट छियेनलुंगचं एक सिंहासन आहे, १७७५ ते १७८० च्या सुमाराचं. आपल्याकडे तेव्हा पेशवाई होती. बीजिंगच्या दक्षिणेला राजाचं शिकारीचं रान होतं, तिथल्या महालात हे सिंहासन असायचं. वर लाल, आणि खाली हिरव्यासारखे वेगळे थर, त्यामुळे कोरलेल्या जागी दुसरे रंग डोकावतात. पाठीवर परदेशी लोक नजराणे घेऊन येतायत, आणि सोबत हत्ती! सिंहासन नेहमी उंच चौथऱ्यावर, मागे मोठा पडदा, आणि सम्राटाचं तोंड दक्षिणेकडे. राजा बसला काय आणि नसला काय, रिकाम्या सिंहासनासमोरसुद्धा माणसं वाकत. यात हसण्यासारखं फार काही नाही हं. दसऱ्याला आपल्या दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार वळताना दिसली की आपणही टाचा वर करतोच. आत कोण बसलंय हे दिसायच्या आधीच.

१९००-०१ मध्ये परदेशी फौजा बीजिंगमध्ये घुसल्या, महाल लुटले गेले आणि हे सिंहासन बाहेर पडलं. फिरत फिरत १९२२ साली ते लंडनच्या संग्रहालयात पोचलं. चीनच्या मुलांना आपल्या सम्राटाची खुर्ची बघायला विमानाने जावं लागतं. हे मला तरी बरोबर वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

चला, घाट उतरलो. सावंतवाडी. मोती तलावाच्या काठी राजवाडा, आणि गावात चितारआळी. इथल्या दुकानात गेलात की आधी फसाल. टोपलीत आंबे, केळी, वांगी, मिरच्या. उचललं तर लाकूड! पांगाऱ्याचं हलकं लाकूड कोरून ही फळं करतात आणि वर रंग देतात.

तिथेच रंगीत पाट आणि चौरंग दिसतील. सत्यनारायणाला, गणपतीला, हळदीला बसायला आपण जे काढतो तेच, पण कडेने वेलबुट्टी आणि वर चकाकी. आपल्या घरातलं सोहळ्याचं सामान म्हणजे हेच की. एरवी माळ्यावर, आणि मुहूर्ताला सगळ्या घराच्या मधोमध. नवरामुलगा एरवी सोफ्यावर लोळत असला तरी त्या दिवशी त्याला पाटावरच बसायचं असतं.

इथली लाख मात्र आपल्या ओळखीची, किड्याची. कातारी लोक लाख कशी चढवतात ते बघण्यासारखं असतं. लाकूड यंत्रावर गरागरा फिरत असतं. रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबली की घासून उष्णता तयार होते, कांडीचं टोक वितळतं आणि लाकडाला लाल-पिवळा-हिरवा पट्टा चढतो. वर केवड्याचं पान दाबून धरलं की चकाकी येते. ना चूल, ना कुंचला! तुमच्या लाकडी भोवऱ्यावरचे पट्टे असेच आलेले असतात. पाच मिनिटांत भोवरा तयार. चिनी कारागिराला पहिला थर वाळायची वाट बघावी लागते तोवर आपल्या कातारीकाकांनी टोपलीभर भोवरे केलेले असतात. पण लाख ठिसूळ. तिचे शंभर थर देऊन ड्रॅगन कोरायला गेलात तर टवके उडतील. म्हणून आपल्याकडे लाखेची नक्षी कोरली नाही, रंगवली आणि तिच्यावर लाखेचा थर दिला.

राजवाड्यात आणखी एक गोष्ट बनते, गंजिफा. गोल पत्ते. दशावतारी गंजिफ्यात १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे बारा-बारा. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, त्यावर बारीक कुंचल्याने चित्र आणि मग लाख. कोकणच्या दमट हवेत तो थर पत्त्यांना सांभाळतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कला जवळजवळ संपली होती. ती येणारे पुंडलिक चितारी हे एक वृद्ध कारागीर उरले होते. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि वाड्यातच कारागीर बसवले. आजही तिथे पत्ते रंगवताना बघायला मिळतं. आणि एक योगायोग बघा. कोल्हापुरी साजाच्या पानड्यांतही मासा, कासव अशा विष्णूच्या अवतारांच्या खुणा असतात. तिकडे अवतारांच्या आत लाख, इकडे अवतारांच्या वर लाख!

परत येताना एक शेवटची गोष्ट. समजा एखाद्या जुन्या घरात लालभडक चकचकीत पेटी दिसली. किड्याची लाख की झाडाचा चीक, कसं ओळखायचं? जाणकार लोक न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा एक थेंब टाकतात. लाख असेल तर ती विरघळायला लागते, चिकट होते आणि डाग पडतो. चिनी चिकाला ढिम्म काही होत नाही. प्रयोग सोपा आहे आणि उत्तर लगेच मिळतं, फक्त आजीच्या पॉलिशच्या कपाटावर करू नका. त्याचं उत्तर सुतारकाकांना आधीच माहीत आहे, आणि आजीचं उत्तर तुम्हाला.